बराकाला काय आवडायचं

रोह्याच्या स्टेशनावर उतरून रिक्षावाल्याला नुसतं "हौसामावशी" म्हटलं तरी तो तुम्हाला बरोब्बर दारात आणून सोडतो. नगरसेवकाचं घर विचाराल तर दोनदा चुकेल, पण हौसाचं चुकायचा नाही. कोलाड रोडच्या फार्मसी कॉलेजात आफ्रिकेतनं पोरंपोरी शिकायला येतात, ती स्टेशनातनं निघाली की आधी हौसाकडे जातात आणि मग कॉलेजात. हॉस्टेलची खोली मिळायला आठवडा लागतो. हौसाच्या बाकावरची जागा त्याच दिवशी मिळते.

बाई मूळची खांब गावची, कुणब्याची लेक. लग्न होऊन रोह्यात आली. नवरा महिपती धाटावला कंपनीत, जन्मभर शिफ्ट. मुलगा डोलवीच्या कारखान्यात कंत्राटावर चिकटला नि त्यानं बिऱ्हाड पेणला थाटलं, मुलगी शांती दिली तीही पेणलाच. दोघांच्याही पाठवण्या झाल्यावर घर खायला उठलं. तेव्हा हौसानं पडवीत दोन बाकं टाकली आणि धाटावच्या शिफ्टवाल्यांना जेवण घालायला लागली. तिच्या हाताला चव होती आणि जिभेला धार होती. रोह्यात खानावळ चालायला दोन्ही लागतं.

मग एके दिवशी कॉलेजातले कमळाकर सर दोन उंचच उंच पोरं घेऊन दारात उभे राहिले. म्हणाले, "मावशी, टांझानियाची आहेत. हॉटेलातलं खाऊन पोटं बिघडून घेतलीत. तुमच्याकडे जेवतील का?"

टांझानिया कुठं आलं, हे काही हौसानं विचारलं नाही. "आज जेवलीत काय?" एवढंच तिनं विचारलं, आणि दोघांना उंबऱ्याबाहेरच थांबवून ती आत गेली. बाहेर आली ती एका हातात भाकरीचा तुकडा नि दुसऱ्या हातात पाण्याचा तांब्या घेऊन. लांबून आलेल्या माणसावरून आपण हे ओवाळून टाकतो, वाटेत कुणाची नजर लागली असेल तर ती दाराबाहेर राहावी म्हणून. नव्या नवरीला करतो, बाळंतिणीला करतो. परदेशी पोरांना कुणी केल्याचं तोवर रोह्यात ऐकिवात नव्हतं. एक पोरगा पाणी अंगावर येतंय बघून थेट रस्त्यापर्यंत पळाला. दुसऱ्यानं तो तुकडा हौसाच्या हातातनं आदबीनं घेतला, "थँक्यू" म्हणाला आणि तोंडात टाकला! सगळी आळी पोट धरून हसली. हौसानं कपाळावर हात मारला आणि आतनं दुसरा तुकडा आणला.

तेव्हापासून हा रिवाजच पडला. पोरं नवीन आली की हौसा तुकडा ओवाळणार, शेजारची काशीबाई कडेला उभी राहून सूचना देणार. कॉलेजनं एकदा आपल्या माहितीपत्रकात हौसाचा फोटोसुद्धा छापला. फोटोत ती भांडायला उठल्यासारखी दिसते, पण ते असो.

लोकांना वाटे, केवढी मायाळू बाई! आता खरं सांगायचं तर हौसा मायाळू होती ती सुरुवातीला. ती पहिली दोन पोरं पास होऊन गेली तेव्हा तिनं त्यांच्या हातावर दही घातलं आणि आत जाऊन जी रडायला बसली ती महिनाभर बसली. फोन आले, पुढे तेही थांबले. दुसरी बॅच गेली, पुन्हा तेच. शेवटी महिपती वैतागून म्हणाला, "अगो, एस्टीचा कंट्रोलर जर जाणाऱ्या प्रत्येक गाडीला रडत बसला, तर स्टँड चालंल काय?"

हे तिच्या डोक्यात पक्कं बसलं. तिनं ठरवून टाकलं की पोटाला घालायचं, जीव लावायचा नाय. गाव कुठलं, घरी कोण, काय आवडतं, काय नावडतं, हे विचारायचंच बंद. विचारलं की माणूस आत शिरतो आणि शिरलेला माणूस जाताना ओरबाडून जातो. आले, तुकडा ओवाळला. चार वर्षं पान वाढलं. चालले, हातावर दही घातलं. पुढची बॅच. स्वयंपाकात कधी कमी केलं नाही, पोरांची आजारपणं काढली, मऊ भात शिजवून हॉस्टेलवर पाठवला. पण कुणी फोनमधले घरचे फोटो दाखवायला लागलं की हिला नेमकी चुलीवरची आमटी आठवायची.

बराका हा त्यातलाच एक. तिसऱ्या वर्षाला होता. भातं कापणीला आली होती त्या दिवसांत एका दुपारी मैदानावर फुटबॉल खेळता खेळता तो खाली बसला, दमला असेल असं सगळ्यांना वाटलं, आणि तो उठलाच नाही. डॉक्टर म्हणाले, हृदयात जन्मापासनं काहीतरी दोष असणार, त्याचा त्यालाही पत्ता नसेल. कुणावर खापर फोडावं असं त्यात काही नव्हतं. पोरांनी त्याला उचलून दवाखान्यात नेलं तेव्हा त्याचे बूट मैदानावरच राहिले होते, ते नंतर कुणीतरी आणून हॉस्टेलच्या पायरीवर ठेवले.

हौसाला सांगायला नीमा आली. ही टांझानियाचीच, त्याच्याच देशातली नि त्याच्याच वर्गातली पोरगी. मराठी शिकली ती हौसाच्या पडवीत बसून, त्यामुळे बोलायची थेट रोह्याचं. दारातनंच ती म्हणाली, "मावशी, बराका मेला."

हौसा भाकऱ्या थापत होती. तव्यावर एक होती, हातात एक होती. तिनं तव्यावरची उलटली, हातातली पूर्ण थापली. मग पुढचा गोळा घेतला. नीमा बघतच राहिली. हौसानं सगळ्या भाकऱ्या केल्या, दुरडीत रचल्या, वर फडकं टाकलं आणि पानं मांडली. त्या रात्री जेवायला कुणीही आलं नाही.

दुसऱ्या दिवशी काशीबाई टोपलीखाली झाकून पिठलं-भात घेऊन आली. ज्या घरात मयत झालं त्या घरात चूल पेटत नाही, शेजारचे शिजवून आणतात आणि घरच्यांना बळेबळे चार घास खायला लावतात. कडू घास म्हणतात त्याला. हौसानं ते भांडं बघितलं आणि तिचा पारा चढला.

"हे काय आणलंस? माझ्या घरात कोण मेलंय?"

"अगो, त्याचं इथं दुसरं घर कुठलं?" काशीबाई म्हणाली.

"मी खानावळवाली हाय, काशीबाय. पोरगा कॉलेजचा. तुझं पिठलं कॉलेजात ने."

काशीबाई काही कमी नव्हती. तिनं भांडं ओट्यावर आदळलं आणि निघून गेली. पिठलं दिवसभर तसंच राहिलं, वर साय धरली, संध्याकाळी हौसानं ते नेऊन गाईपुढे ठेवलं.

रडू येत नव्हतं, याचं तिला वाईटही वाटत नव्हतं. काहीच वाटत नव्हतं. हात चालत होते, पाय चालत होते. एकदा तव्याला मनगट चिकटलं तर ते वासावरनं कळलं. तिनं आठवून पाहिलं की बराका नेमका बसायचा कुठं, तर तिला बाकांकडे बघूनही ते सांगता येईना. एवढ्या पोरांत एक उंच पोरगा. आवाज जाड की बारीक? हसायचा कसा? महिपती दुसऱ्या शिफ्टवरनं आला, जेवायला बसला आणि म्हणाला, "लय गुणी होता गो." ती म्हणाली, "भात वाढू?"

मग कमळाकर सर आले. एरवी हा माणूस वर्गात बोलतो तसाच घरातही बोलतो, पण त्या दिवशी बाकावर टेकून खालच्या आवाजात बोलायला लागले.

"मावशी, बराकाची आई येतेय. मृतदेह मुंबईला आहे, तिथून ती तो घेऊन जाणार. पण आधी तिला रोहं बघायचंय. तो राहत होता ते गाव बघितल्याशिवाय परत जाणार नाही म्हणते."

"मग दाखवा की."

"दाखवतो. पण तिनं बातमी कळल्यापासून अन्न घेतलेलं नाही. पाण्यावर आहे. तिच्या सोबतच्या माणसानं फोनवर सांगितलं, विमानात दोनदा चक्कर आली. आता मुलाला घेऊन एवढा प्रवास उलटा करायचाय. वाटेत काही झालं तर? आत्तापर्यंत इथं जो आला त्याला तुम्हीच घरात घेतलंत. हिलाही तुम्हीच घ्या. काही करा, पण चार घास तिच्या पोटात घाला."

"बघते," हौसा म्हणाली.

हे "बघते" म्हणणं सोपं होतं. पण त्या बाईला घ्यायचं कसं? पाहुणी म्हणावं, लांबून आलीय, तर तुकडा ओवाळायला हवा, या-बसा म्हणायला हवं. सुतकातली म्हणावं तर 'या' हा शब्दसुद्धा तोंडातून काढायचा नाही. दुःखाच्या घरी आपण कुणी कुणाला 'या' म्हणत नाही, निघताना 'येतो' म्हणत नाही, हात जोडत नाही. काशीबाईला विचारावं तर ती अजून फुगलेली. तरी हौसानं तिच्या दारात जाऊन सांगितलंच, "ती बाई येईल तेव्हा पिठलं-भात तुझ्याकडनं येऊ दे. माझ्या चुलीवरचं नको."

"आता गो कसं आठवलं?"

"तिच्यासाठी सांगत्येय, माझ्यासाठी नाय," हौसा म्हणाली आणि मागे वळली.

गाडी आली तेव्हा आळीतली झाडून सगळी माणसं हौसाच्या दारासमोर जमली होती. कॉलेजचे होते, भाजीवाला होता, रिक्षावाले होते, पहिली शिफ्ट सुटून आलेला महिपती कंपनीच्या कपड्यांत तसाच उभा होता. बराकाची आई उतरली. आडव्या बांध्याची बाई, कमरेला फुलाफुलांचं कापड गुंडाळलेलं, डोक्याला तसलंच. प्रवासानं चेहरा उतरलेला. शेजारी नीमा; सोबतचा माणूस मुंबईतच थांबलेला.

आणि सगळी माणसं खाली मान घालून गप्प उभी राहिली.

आपल्याकडची रीतच ती. दुःखाच्या जागी गळा काढायचा तो नात्यातल्यांनी, बाकीच्यांनी मान खाली घालून गप्प राहायचं. जो बडबडतो त्याला काही वाटलेलं नाही असं आपण धरून चालतो. आणि त्या पोराच्या नात्यातलं तिथं होतं कोण? त्यामुळे कुणीच आवाज काढला नाही. सगळ्यांनी अगदी मनापासून, शिस्तीत मौन पाळलं. भाजीवाल्यानं तर गाडीवरचा रेडिओही बंद केला.

ती बाई एकेका चेहऱ्याकडे बघत गेली. ज्याच्याकडे बघेल तो मान आणखी खाली घालायचा. शेवटी ती नीमाच्या कानाशी काहीतरी बोलली. नीमाचा चेहरा कसानुसा झाला.

"काय म्हणतायत?" कमळाकर सरांनी हळूच विचारलं.

नीमानं हौसाकडे बघितलं.

"सांग गो," हौसा दारातनं म्हणाली.

"ती विचारते, माझ्या मुलानं इथं काय वाईट केलं होतं?" नीमाचा आवाज चिरकला. "एवढी माणसं जमलीत नि एक पण माझ्याशी बोलत नाय. माझा हात कुणी धरत नाय. तोंड फिरवतात. म्हणते, मला खरं काय ते सांगा, तो चोर होता काय? त्यानं कुणाला मारलं काय?"

मेल्याहून मेल्यासारखं झालं सगळ्यांना. कमळाकर सर घाईघाईनं इंग्रजीत दिलगिरी व्यक्त करायला लागले, संस्थेच्या वतीनं वगैरे. बाईनं त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"थांबा हो सर जरा," हौसा पायरी उतरून खाली आली. "नीमा, तुमच्यात काय करतात गो असं झालं की?"

"बोलतात, मावशी. सगळे येतात, हात धरतात, पोले म्हणतात. मोठ्यानं रडतात. गाणी म्हणतात, देवाची. जो गप्प बसतो तो..."

"तो काय?"

"तो वैरी असतो."

"अरे देवा!" काशीबाई मागनं पुटपुटली.

"पोले म्हंजे काय?"

नीमानं शब्द शोधला. "म्हंजे, तुझं दुःख मला कळलं. असं."

"मग सांग तिला," हौसा म्हणाली, "आमच्यात उलटं हाय म्हणावं. ज्याला वाईट वाटतं तो तोंड उघडत नाय. ही सगळी तुझ्या पोरासाठी गप्प हायत म्हणावं. वैरी असती तर घरात बसून टीव्ही बघितला असता."

नीमानं ते सांगितलं. बाई ऐकत राहिली. हौसा तिच्या समोर गेली, तिचे दोन्ही हात हातात घेतले आणि म्हणाली, "पोले."

भात वाढू, हे ज्या सुरात म्हणायची त्याच सुरात म्हणाली. आतनं काही हललं नव्हतं. करायला हवं म्हणून तिनं केलं. पण मागे काशीबाई आली, तिनं हात धरले आणि म्हणाली, "पोले गो बाय, पोले." मग भाजीवाला, मग रिक्षावाले एकामागून एक. महिपतीला तो शब्द काही केल्या नीट म्हणता येईना, त्यानं तो तीनदा म्हटला. कमळाकर सरांनीही इंग्रजी सोडून तेवढंच म्हटलं. बाई तिथंच रस्त्यात उभी राहून मोठ्यानं रडायला लागली. तिनं काहीतरी गाणं धरलं, नीमानं तिच्यात आवाज मिळवला. आळीला शब्द कळत नव्हते, तरी कुणी जागचं हललं नाही.

हौसा बघत होती. आपल्याला अजूनही रडू येत नाहीय, हे ती बघत होती.

नंतर कॉलेजची मंडळी कागदपत्रांसाठी निघून गेली आणि पडवीत चौघी उरल्या. बराकाची आई, नीमा, काशीबाई आणि हौसा. बाईनं विचारलं, तो कुठं बसायचा? नीमानं खिडकीकडचं बाकाचं टोक दाखवलं. बाई तिथं जाऊन बसली. हौसानं ती जागा तेव्हा पहिल्यांदा नीट बघितली.

काशीबाईनं पिठलं-भात वाढला. बाईनं ताट दूर सरकवलं. नीमा विनवून विनवून थकली, काशीबाईनं घास करून तोंडाशी नेला तर तिनं हळूच तिचा हात बाजूला केला. हौसा समोरच्या बाकावर बसली होती. सरांना "बघते" म्हणून बसली होती, आणि बाई अन्नाला शिवत नव्हती. अशीच ती गाडीत बसणार, अशीच विमानात चढणार, खाली मुलाची पेटी आणि वर ही उपाशी.

मग बाईनं मान वर केली आणि थेट हौसाशी बोलली. तिच्याच भाषेत, पण हौसाशी. नीमानं सांगितलं, "ती म्हणते, तू माझ्या मुलाला तीन वर्षं जेवायला घातलंस. मला एक सांग, त्याला काय आवडायचं? ते सांग, मग मी जेवते."

हौसा त्या बाईकडे बघत राहिली. काशीबाई कानाशी आली. "सांग ना काहीतरी! घावणे सांग. नायतर कोलंबी सांग. तिला काय कळणार हाय? सांगितलंस की जेवेल बिचारी."

खरंच सोपं होतं ते. एक शब्द टाकायचा, घास पोटात. हौसानं तोंडही उघडलं. घावणे म्हणायला जीभ वळली होती. पण समोरची बाई अशी बघत होती की ती ऐकेल तो शब्द घरी नेणार, आयुष्यभर जपणार, दरवर्षी त्याच्या नावानं तेच करून वाढणार. आणि तो खोटा असणार.

"तिला सांग," हौसा म्हणाली, "मला नाय माहीत."

"मावशी!"

"सांग. मी त्याला कधी विचारलंच नाय म्हणावं. मी कुणालाच विचारत नाय. विचारलं की जीव अडकतो आणि मग तुम्ही लोक निघून जाता. म्हणून मी ठरवलंय, नुसतं वाढायचं. तो ताटात काय टाकायचा नाय, एवढंच मला माहीत हाय. बाकी मला त्याचा आवाजसुद्धा आठवत नाय."

नीमानं दोन-तीन शब्दांत काहीतरी सांगितलं. हौसा खेकसली, "एवढंच? मी केवढं बोलले! सगळं सांग."

मग नीमानं सगळं सांगितलं. काशीबाईनं पदर तोंडाला लावला. आता ही बाई उठून जाणार, हे हौसाला पुरतं कळून चुकलं होतं.

बाई उठली नाही. ती बाकाच्या टोकावर तळहात फिरवत राहिली आणि मग खालच्या आवाजात, थांबत थांबत बोलली.

"ती म्हणते, मला पण नाय माहीत," नीमा म्हणाली. "तो लहान होता तेव्हाच बोर्डिंगच्या शाळेत घातला. शाळा लांब होती. सुट्टीत यायचा नि जायचा, मी बाजारात कांदे-टोमॅटो विकत बसलेली असायची. लहानपणी पिकली केळी आवडायची, ते ठाऊक हाय. मोठा झाल्यावर काय आवडायला लागलं, ते मला कधी कळलंच नाय. फोनवर मी विचारायची, जेवलास काय? तो म्हणायचा, जेवलो. तेवढंच. म्हणून तुझ्याकडे आले. मला वाटलं, तुला तरी माहीत असेल."

दोघी एकमेकींकडे बघत बसल्या. एकीनं जन्म दिलेला, एकीनं तीन वर्षं पोसलेला, आणि दोघींनाही माहीत नाही. काशीबाईसुद्धा सूचना द्यायची विसरली. तिच्या बाबतीत हे फारच क्वचित घडतं.

मग दोघींनीही एकाच वेळी नीमाकडे बघितलं.

नीमानं डोळे पुसले. आधी तिच्या भाषेत एक वाक्य, मग मराठीत एक, असं करत ती सांगायला लागली. त्याला बुडाला लागलेला भात आवडायचा. "मावशी, जेवणं झाली की तो मोठा टोप घासायला कोण घ्यायचं?"

"बराकाच घ्यायचा," हौसा म्हणाली, आणि आपल्याला हे आठवतंय याचं तिला नवल वाटलं. "मला वाटायचं, कामसू पोरगा."

"कामसू कसला! मागं मोरीवर बसून खरवड काढून खायचा. कुणाला द्यायचा नाय. मी एकदा मागितली तर म्हणाला, तू पण टोप घासत जा." शांतीनं पेणहून पाठवलेले पापड तळले की तो दोन खिशात घालायचा आणि वर्गात कुरकुर आवाज करायचा. सुकटीच्या चटणीवर तो भाकऱ्या मोजायचाच नाही. ताकाला मात्र नाक मुरडायचा, पण नाक दाबून प्यायचा, का तर मावशी ओरडेल. एकदा त्यानं हॉस्टेलच्या खोलीत स्वतः भाकरी थापून बघितली. ती कुत्र्यानंही खाल्ली नाही.

बाई हसली. रडत होती आणि त्यातच हसली, आणि ऐकता ऐकता तिचा हात ताटाकडे गेला. तिनं पिठलं भातात कालवलं आणि घास घेतला. मग दुसरा. नीमा बोलतच राहिली, थांबायची तिला भीती वाटत असावी. काशीबाईनं मुकाट्यानं दुसरं ताट वाढलं आणि हौसापुढं सारलं. "घे," एवढंच म्हणाली. हौसानं ते ढकललं नाही. एक घास खाल्ला.

नीमाचं सांगून संपलं. बाईचं ताट अर्धं रिकामं झालं होतं. हौसा त्या पोरीकडे बघत होती. दोन वेण्या, गळ्यात कॉलेजचं ओळखपत्र, सकाळपासनं सगळ्यांचं बोलणं इकडून तिकडे नेऊन सुकलेले ओठ. तीन वर्षं ही रोज समोर बसत होती.

"नि तुला गो?" हौसानं विचारलं.

"मला काय?"

"तुला काय आवडतं?"

नीमाला आधी कळलंच नाही. मग ती एकदम कावरीबावरी झाली, खाली बघून ओढणीचं टोक पिळायला लागली. "सगळं आवडतं, मावशी."

"खोटं नको बोलूस."

"एक..." ती अडखळली. "एक वालाचं बिरडं नाय आवडत. कडू लागतं."

"बिरडं?" हौसाचा विश्वासच बसेना. "अगो, दर बुधवारी दोन-दोन वाट्या घ्यायचीस की!"

"तुम्ही वाढायच्या."

"नको म्हणायचं नाय? पहिल्या दिवसापासनं नाय आवडत?"

"पहिल्या दिवसापासनं."

"मग सांगायचं नाय गो तोंडानं?"

नीमानं मान वर केली. तिच्या बोलण्यात राग अजिबात नव्हता. "तुम्ही कधी विचारलंच नाय ना, मावशी."

हौसाच्या हातातला घास ताटात पडला. तिनं उष्टा हात तसाच कपाळावर मारून घेतला, "अरे माझ्या लेकरा," म्हणाली, आणि असा गळा काढला की बराकाची आई ताट सोडून उठली आणि तिच्याशेजारी येऊन बसली. दारात रेंगाळलेल्या माणसांनी तो आवाज ऐकला. ती आत आली नाहीत, काही बोललीही नाहीत. महिपतीनं पायातल्या चपला काढल्या, आणि सगळी खाली मान घालून पायरीशी गप्प बसली.